पिल्लूला लागलेला राँग नंबर

वारज्याच्या चंद्रभागाबाईंनी अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात, कानाला हेडफोन लावून काढली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी कान तिखट ते तिखटच. शेजारच्या कुसुमताईंचं दूध उतू जायच्या आत या इकडून भिंतीवर थाप मारतात. आता एवढे कान असून स्वतःच्या घरातली साधी गोष्ट बाईंना आठ दिवस ऐकू आली नाही, याला काय म्हणावं!

यजमान भीमराव गेले त्या वर्षी स्कूटरच्या कव्हरखाली बाईंना मांजराचं पिल्लू सापडलं. मुलगा प्रज्ञेश आणि सून कल्याणी तेव्हा बंगळूरला. दिवसभर हाक मारायला घरात कुणी नाही, म्हणून बाई त्या पिल्लालाच "पिल्लू, पिल्लू" करत राहिल्या. पिल्लू वाढलं, चांगलं पाच किलोंचं धूड झालं, हाक तीच राहिली. चारचौघांत मात्र बाईंना लाज वाटे. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "मनी."

यंदा प्रज्ञेशची पुण्यात बदली झाली आणि कल्याणी दोन महिन्यांची लेक घेऊन माहेराहून थेट वारज्याला आली. बाईंनी तयारी केली होती हो! पंधरा दिवस आधी पाळणा मांडला. बाळाची दुपटी मागवून मांजरीला हुंगायला दिली, मोबाइलवर बाळाचं रडणं ऐकवलं. मांजर ढिम्म हलली नाही. बाई निर्धास्त झाल्या.

आणि बाळ आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मांजर धावत थेट पाळण्यापाशी आली! कल्याणी किंचाळली. मग रोज तेच. कल्याणी बाळाशी बोलायला लागली की ही कुठूनही हजर. एकदा तर पुढचे दोन्ही पाय पाळण्याच्या काठावर. कल्याणीचे टाके अजून दुखत होते, झोपेचा पत्ता नव्हता. ती घाबरली तर तिचं काय चुकलं? तिने सासूच्या मांडीवर बाळ देणंच बंद केलं.

"आई, तुमच्या साडीला केस असतात हो," एवढंच म्हणाली.

बाईंना ते फार लागलं. नातीचं जावळ हुंगायला त्या आसुसल्या होत्या.

शुक्रवारी प्रज्ञेश म्हणाला, "आई, रविवारी मांजर दीनानाथकाकांच्या शेतावर सोडून येऊ. तिथे उंदीर भरपूर आहेत."

"तिने जन्मात उंदीर पाहिलेला नाही," बाई म्हणाल्या. पण वाद घातला नाही. बाळाला काही झालं असतं तर? त्यांनी मांजरीची वाटी घासून पिशवीत भरली. पिशवीची गाठ मारताना मात्र डोळे भरून आले.

शनिवारी दुपारी बाई हॉलमध्ये लसूण सोलत होत्या, मांजर मांडीत. आत बाळाने टाहो फोडला. मांजरीचा कानसुद्धा हलला नाही. मग कल्याणीचा आवाज आला, "आले, आले! काय झालं माझ्या पिल्लूला? पिल्लू, ये, ये गं!"

मांजर ताडकन उठली आणि आत पळाली.

बाईंच्या हातातला लसूण खाली पडला. "अगं बाई! राँग नंबर!"

त्या मागोमाग धावल्या, मांजरीला उचललं आणि धापा टाकत म्हणाल्या, "कल्याणी, ती बाळावर येत नाहीये गं. तू बोलावतेस म्हणून येतेय. पिल्लू तीच आहे!"

"तुम्ही तर मनी म्हणता."

"ते लोकांपुरतं," बाई ओशाळून म्हणाल्या. मांजरीला हॉलमध्ये ठेवून त्यांनी फर्मान सोडलं, "आता बाळाला दुसरं काहीही म्हण."

"चिऊ!" कल्याणीने हाक मारली. मांजर गप्प. "बाळा! सोनुली! ठमाकाकू!" मांजर अंग चाटत बसली. मग हळूच, "पिल्लू."

मांजर दारात.

कल्याणी टाक्यांवर हात दाबून हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "बिचारी! मी बोलवायचं आणि मीच ओरडायचं."

प्रज्ञेशने संध्याकाळी सगळं ऐकून तोडगा काढला, "मग मांजराचं नाव बदल ना."

"सहा वर्षांचा चालू नंबर आहे तो," बाई म्हणाल्या. "तुझ्या लेकीचं कनेक्शन अजून यायचंय. बारसं होईपर्यंत चिऊ म्हणा."

बाळ आणि मांजर, दोघींना एकटं सोडायचं नाही, पाळण्याच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, एवढं ठरलं. रविवारी शेतावर कुणी गेलं नाही.

त्या दुपारी मांजर बाईंच्या मांडीवर पसरली होती. आतून कल्याणीने हाक मारली, "पिल्लू, ये!" मांजर उठून गेली. बाई दचकल्या. ही पुन्हा चुकली की काय?

कल्याणी बाळाला घेऊन बाहेर आली, मांजर तिच्या पायात घोटाळत. "चुकले नाही, मुद्दाम बोलावलं. जागा रिकामी करून हवी होती," ती म्हणाली आणि वाकून तिने चिऊला बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, साडीला केस आहेत."

"असू देत, आई."