काकूंची फॅमिली रूम

जव्हारला एकट्याने नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठतात, धुवायचे कपडे आणि किस्से. कपड्यांचा निकाल रविवारी लागतो. किश्शांचं काय करायचं? बायकोला पत्रातून कळवावं तर ती लिहिणार, "म्हणजे मजेत आहात तर!" मजेत कसले, डोंबलाचे! सातला बाजार सामसूम, आणि दार उघडलं की खोली खायला उठायची.

नव्वद-पंच्याण्णवची गोष्ट. ऑफिसात आम्ही तिघं 'फोर्स्ड बॅचलर'. हेडक्लार्क साळवी चिपळूणचे, निकम धुळ्याचा, मी साताऱ्याचा. तिघांच्याही बायका-मुलं गावाकडे. माझी छकुली जूनमध्ये पहिलीत जाणार होती. एकदा तिकडच्या शाळेत नाव घातलं की बायको तिथून हलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याआधी दोघींना जव्हार दाखवायचं आणि पसंत पाडायचं, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

*

जेवायला काकूंची खाणावळ. बाहेर लांब बाकं, आत हिरव्या पडद्यामागे 'फॅमिली रूम'. चार खुर्च्या, टेबलावर प्लास्टिकची फुलं, लहान मुलासाठी छोटा पेलासुद्धा! पण गिऱ्हाईक सगळं आमच्यासारखं, सडाफटिंग. आत कोण बसणार?

एकदा बाहेर जागा नव्हती म्हणून निकम आत जाऊन बसला. काकू झारा घेऊन हजर.

"उठा! फॅमिली कुठाय?"

निकमने पाकिटातून बायकोचा फोटो काढला आणि समोर टेबलावर ठेवला.

काकूंनी तो नीट निरखून पाहिला. "छान आहे. भाकऱ्या किती घेते?"

निकम त्या दिवशी उभ्यानेच जेवला.

*

साळव्यांचा हुकूम होता, "फॅमिली आणण्यापूर्वी स्थळपाहणी झालीच पाहिजे!" मग दर रविवारी एक ठिकाण बघायचं आणि सोमवारी ते ऑफिसच्या नमुन्यात अहवाल लिहिणार. राजवाडा झाला. 'फॅमिलीस योग्य' असा शेराही पडला.

दाभोशाच्या धबधब्याला जीपने गेलो. आत पंधरा माणसं, मागे लटकलेली वेगळीच! ड्रायव्हर लक्ष्मण त्याच गावचा. उतरताना साळव्यांचे गुडघे बोलायला लागले. खाली पोचलो, तोंडावर पाणी उडत होतं. जो तो मनात आपल्या माणसांना तिथे उभं करून बघत असणार.

लक्ष्मणला राहवेना. "सायेब, दर टायमाला तुमी तिघंच येता. बायकापोरां कव्हा आणाल?"

"प्रकरण विचाराधीन आहे!" साळवी म्हणाले.

सोमवारचा अहवाल: 'स्थळ रमणीय. सौ. यांचे गुडघे लक्षात घेता वरूनच पाहणे इष्ट.' सौ. वहिनींनी 'मी येते' असं सहा वर्षांत एकदाही कळवलेलं नव्हतं.

*

सनसेट पॉइंटवर नाशिकचं एक कुटुंब भेळ खात बसलं होतं. निकमने त्यांचा फोटो काढून दिला. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "आता तुमचा काढू की!"

आम्ही ओळीत उभे राहिलो. साळवी मध्ये.

"जरा जवळ सरका ना, घरच्यासारखे!"

सरकलो बुवा. महिनाभराने फोटो ऑफिसच्या पत्त्यावर आला. साळव्यांनी त्याच्या पाठीवर आवक क्रमांक टाकला, नवी फाइल उघडली आणि वर विषय लिहिला, 'कुटुंब'.

*

घरी फोन नव्हता. रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे लावायचा आणि बायकोला बोलावून घ्यायचं. एकदा ती म्हणाली, "ही रोज ताटावर बसली की विचारते, बाबा कुठं जेवतात? मी सांगते, बाबा जव्हारला जेवतात, तू जेव. मग गुमान जेवते."

मी फोनवर हसलो.

"एकदा या ना इकडे," मी म्हणालो. किती वेळा म्हणालो असेन!

"येतो मे महिन्यात," ती म्हणाली. "पण एकच दिवस हं!"

*

आणि खरंच आल्या दोघी! साळव्यांनी अहवालांची अख्खी फाइल माझ्या हातात दिली. सकाळी राजवाडा दाखवला. बायको म्हणाली, "हवा छान आहे हो. शाळा कुठंय इथली?" शाळा विचारली म्हटल्यावर मी हवेतच!

दुपारी काकूंची खाणावळ. काकूंनी पडदा धुतला होता, टेबलावर खरी फुलं ठेवली होती. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, छोट्या पेल्यात ताक. इतक्या वर्षांत पहिली फॅमिली! दोघींना हाताला धरून त्यांनी आत नेऊन बसवलं.

मी मागे जाऊन हात धुवून आलो. बाहेरच्या बाकावर साळवी आणि निकम जेवत होते. मला बघून दोघं नेहमीसारखे सरकले. मी ताट घेतलं आणि मध्ये बसलो. साळव्यांनी मंगळवारच्या तपासणीचं काढलं, मी भाकरी मोडली, "रजिस्टर तयार आहे साहेब" म्हणालो. दोन घास खाल्ले असतील.

पडद्यामागून छकुलीचा आवाज आला, "आई, बाबा कुठं जेवतात?"

"बाबा जव्हारला जेवतात," बायको म्हणाली. "तू जेव."