तुकडेकाकांची लाडकी ओळ

तुकडेकाकांचं पुस्तक दरवर्षी बारीक होत गेलं. विद्वानांची पुस्तकं कशी फुगत जातात, हे कार्ल्सरूहेत डॉक्टरेट करताना मी रोज पाहत होतो. लिहिलेलं कमी करत बसलेला हा एकच माणूस मला भेटला.

काका मूळचे सांगलीचे. नोकरीभर त्यांनी इथल्या शाळेत जर्मन मुलांना लॅटिन शिकवलं आणि उरलेला सगळा वेळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन इतिहासकाराला दिला. त्याचं नाव ते आम्हाला सांगत नसत. "नाव ऐकून तुम्ही उगाच माना डोलावाल," म्हणायचे. त्या बिचाऱ्याने रोमचा भलामोठा इतिहास लिहिला आणि तो हरवला. उरली ती पुढच्या व्याकरणकारांनी एखाद्या अडनिड्या शब्दाचं उदाहरण म्हणून उतरवून घेतलेली सुटी वाक्यं. लढाई कोण जिंकलं ते कळत नाही, क्रियापद मात्र शाबूत. हे तुकडे तपासणं हे काकांचं काम, म्हणून इथे शिकणाऱ्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांत त्यांचं हे नाव.

एखादं वाक्य त्या इतिहासकाराचं नसावं अशी शंका आली, की काका ते काढून पुस्तकाच्या शेवटी 'संशयित' या सदरात टाकत. "मेलेला माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालायचं का रे?" रविवारी आम्हाला घरी जेवायला बोलवत, तेव्हा वरण वाढता वाढता विचारायचे, जणू आम्हीच घातलं होतं.

त्यांची एक लाडकी ओळ होती. मोहिमेवरून परतलेला म्हातारा शिपाई स्वतःच्या दारात उभा आहे आणि कुणाला हाक मारावी हेच त्याला आठवत नाही. ती म्हणून दाखवताना काका खिडकीबाहेर बघत आणि आम्ही ताटात. शेवटच्या आजारपणात त्यांना पटत गेलं, की ही ओळ दुसऱ्याच कुणाची असावी.

"अहो, राहू द्या ना तेवढी," काकू म्हणाल्या. "कोण विचारणार आहे?"

"तेच तर. त्याच्या बाजूने विचारणारं कुणी नाही."

ओळ शेवटच्या सदरात गेली. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

ते गेल्यावर आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. "अखेरच्या क्षणी त्यांच्या ओठांवर मायभूमीचंच नाव होतं," अध्यक्ष म्हणाले. काका गेले त्या आठवड्यात अध्यक्ष दूर ड्युसेलडॉर्फला होते. पण काकूंनी डोळ्यांना पदर लावला. ते वाक्य त्यांना हवं होतं.

तेवढ्यात मीरा उठली. काकांची ही एकुलती एक लेक. तिला मराठी सगळं कळायचं, पण बाबांनी काहीही विचारलं तरी उत्तर जर्मनमधून. ती आभार मानणार असं सभेला वाटलं.

"बाबा काहीतरी बोलले," ती अडखळत मराठीत म्हणाली. "मी जवळच होते. मला नीट ऐकू आलं नाही."

आणि खाली बसली. काकूंनी डोळ्यांचा पदर खाली घेतला. मग त्यांनी लेकीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.