अर्जातले माझे नऊ शब्द

एका विद्यापीठाच्या दप्तरी अशी नोंद आहे की, सांगोला तालुक्यातल्या एका शेळीचा बुद्ध्यांक, म्हणजे आयक्यू, एकशे अडतीस आहे. ही नोंद मी केली.

मी सोलापुरात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो. तेवीस वर्षं पत्रं लिहितोय, पण एका पत्रानं असा गोंधळ आजवर झाला नव्हता. (एकदा साहेबांच्या बदलीचं अभिनंदन साहेबांनाच पाठवलं होतं, पण ते वेगळं.)

तर आयक्यू होता माझ्या मुलीचा, कोमलचा. ती नववीत असताना शाळेत कुणीतरी चाचणी घ्यायला आलं. चौकोन, त्रिकोण, पुढचा आकडा ओळखा, असलं काहीतरी. महिन्याभरानं सोनेरी काठाचा कागद आला : एकशे अडतीस. सोबत लिहिलेलं, ‘अत्यंत उच्च’. झालं! मी तो कागद मोबाइलमध्ये घेतला आणि दिसेल त्याला दाखवायला लागलो. दाढी करणाऱ्याला दाखवला. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्याला दाखवला. तो म्हणाला, “जास्त असला तर गोळी चालू करा साहेब, माझ्या मेव्हण्याचा दोनशे होता.”

कोमल बारावी झाली आणि पुण्याकडच्या एका विद्यापीठात अर्ज करायचं तिनं ठरवलं. ग्रामीण भागातलं पाणी, शेती, जनावरं, असा चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्या अर्जात मार्कांपेक्षा एका निबंधाला जास्त भाव होता. ‘स्वतःविषयी पाचशे शब्दांत लिहा’, तेही इंग्रजीत. तिनं आठ दिवस खपून लिहिला आणि मला वाचायला दिला.

मी वाचला. निबंध शेळीवर होता!

म्हणजे झालं होतं असं. माझी थोरली बहीण, आक्का, सांगोल्याजवळच्या वस्तीवर राहते. डाळिंबाची थोडी झाडं, चार मेंढरं आणि सुंदरी नावाची शेळी. एका उन्हाळ्यात कोमल तिथं होती आणि वस्तीला टँकर चालू होता. टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा. आला की नुसती झोंबाझोंबी. कोमलच्या लक्षात आलं की टँकर दिसायच्या आधी बराच वेळ दाराशी बांधलेली सुंदरी कान टवकारते आणि दोरी ताणून रस्त्याकडं तोंड करते. मग कोमलनं सुंदरीकडं बघून बायकांना आधीच गोळा करायला सुरुवात केली, म्हाताऱ्यांना पुढं बसवलं, पाळ्या लावून दिल्या. भांडणं थांबली. हे सगळं तिनं लिहिलेलं.

“छान हाय,” मी म्हणालो. “पण ह्यात तुझा आयक्यू कुठंय?”

“नाहीये. आणि घालायचाही नाहीये, पप्पा.”

“का? एकशे अडतीस हाय म्हटल्यावर लोक वाचतील तरी! शेळी काय वाचायचीय?”

“पप्पा, आयक्यू लिहिणं म्हणजे उंची लिहिल्यासारखं आहे. मी पाच फूट तीन इंच आहे, मला घ्या, असं लिहू का?”

“पाच फूट तीन इंच सगळ्याच असतात की! एकशे अडतीस किती जणी असतात?”

“मी हुशार आहे असं मीच सांगायचं? वाचून त्यांना वाटलं पाहिजे ना!”

माझी बायको मंगल भाकरी थापता थापता म्हणाली, “तिचा अर्ज हाय, तिला करू द्या की.” मी गप्प बसलो. (मी गप्प बसलो की मंगलला काळजी वाटते. तिचं बरोबर असतं.)

दुसऱ्या दिवशी आक्काच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी तिला आणायला कोमल सांगोल्याला गेली. जाताना म्हणाली, “पप्पा, सगळं भरलंय. फक्त फोटो स्कॅन करून जोडा आणि सबमिट दाबा. दुसरं काही दाबू नका.”

मी फोटो जोडला. आणि मग माझ्या हातांना राहवेना.

मी निबंधाचा रकाना उघडला. वर आकडा दिसत होता : पाचशेपैकी पाचशे. एका शब्दाला जागा नाही! माझं वाक्य तर तयार होतं, तेवीस वर्षांच्या नोकरीतून आपोआप आलेलं : ‘इट इज हिअरबाय सबमिटेड दॅट हर आयक्यू इज वन थर्टी एट.’ म्हणजे, याद्वारे सादर करण्यात येते की तिचा आयक्यू एकशे अडतीस आहे. आकडा आकड्यातच लिहायचा, म्हणजे मोजून नऊ शब्द. आता नऊ शब्द काढायचे कुठले? शोधता शोधता सुरुवातीलाच सापडले : ‘सुंदरी इज द ब्राउन गोट ॲट माय आन्ट्स हाउस.’ सुंदरी ही माझ्या आत्याच्या घरची तपकिरी शेळी. मोजले. बरोबर नऊ!

मला तर दैवी संकेतच वाटला. शेळी गेली, बुद्धी आली! पुढं निबंधभर नुसतं ‘सुंदरी, सुंदरी’ होतं, त्याला कोण विचारतंय? मी तिथंच माझं वाक्य बसवलं आणि सबमिट दाबलं. हे कुणाला सांगितलं नाही. थोर कामं सांगून करायची नसतात.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कोमलला मुलाखतीला बोलावलं होतं, लॅपटॉपवरून. मी मनात म्हटलं, बघा! एकशे अडतीसनं काम केलं!

मुलाखतीचा दिवस नेमका आमचा पाण्याचा दिवस निघाला. चार दिवसांनी नळ येणार आणि तोही मुलाखतीच्या वेळेलाच. मंगल घागरी मांडून बसली. मी बनियनवर, हातात नळी घेऊन मोरीच्या दाराशी. आक्का चष्म्यासाठी अजून आमच्याकडंच होती, ती भाचीचं कौतुक बघायला कोमलच्या शेजारी पाट टाकून बसली. कोमलनं बजावलेलं, “आत्या, तू पडद्यावर दिसायचं नाहीस.”

“मी कशाला दिसती गं,” आक्का म्हणाली आणि पदर नीट केला.

पडद्यावर एक मॅडम आणि एक सर आले. मॅडमचा चेहरा गंभीर होता. म्हणाल्या, “कोमल, तुझा निबंध आम्हाला फार आवडला. पण त्याहून जास्त आम्ही अस्वस्थ झालो. आधी सांग, सुंदरी कशी आहे?”

कोमलचा चेहरा फुलला. “बरी आहे मॅडम!”

“तिला अजून दाराशी बांधून ठेवतात?”

सुंदरीचं नाव ऐकल्यावर आक्काला कोण थांबवणार? तिनं लॅपटॉपमध्ये अर्धं डोकं घातलं. “व्हय की! बांदल्याबिगर न्हाय ऱ्हात. सोडली की लोकाच्या रानात शिरती.”

सरांनी पेन खाली ठेवलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही आत्या का? वय काय तिचं?”

“चार वर्सं झाली की!”

“चार?” सर मॅडमकडं बघून म्हणाले. “चार वर्षांची, आणि आयक्यू एकशे अडतीस!”

इथं कोमल जागच्या जागी गोठली. मोरीच्या दाराशी मीही. तेवढ्यात माझ्या नळीतलं पाणी घागरीऐवजी मंगलच्या पायावर पडायला लागलं.

“मॅडम, सुंदरी म्हणजे–”

“तू थांब कोमल, त्यांना बोलू दे,” मॅडम म्हणाल्या. “आत्या, अशा मुलीला शाळेत नको का घालायला?”

“शाळंत बी गेली हुती की एकदा,” आक्का म्हणाली. “मास्तरनं हाकलून दिली.”

“हाकलून दिली! का?”

“हजेरी खाल्ली तिनं.”

“हजेरी... खाल्ली?”

“आख्खं पुस्तक! मास्तर लई वरडला. म्या म्हनलं, मास्तर, तुमी बी दार उगडं ठिवू नये.”

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाल्या, “तब्येत तरी बरी आहे ना तिची? खाते-पिते?”

“झ्याक हाय!” आक्का अभिमानानं म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ लिटरभर दूद देती!”

पडद्यावरचे दोघंही हलेनात. नेटवर्क गेलं की काय असं वाटलं. पण सरांची पापणी हलत होती.

मग कोमलनं शांतपणे मान वळवून माझ्याकडं बघितलं. आयक्यू एकशे अडतीस आहे तिचा. तिला सगळं कळलं होतं.

मी बनियनवरच पुढं आलो. नळी हातातच. “सर, मॅडम, सविनय सादर करतो की, सुंदरी शेळी हाय. चूक माझी. ह्या पोरीला काही माहीत नव्हतं.” आणि मी सगळं सांगितलं, नऊ शब्द काढले नि नऊ घातले ते.

सर टेबलाखाली गेले. (पेन पडलं म्हणे. बराच वेळ सापडत नव्हतं.) मॅडमनी मात्र कोमललाच विचारलं, “मग एकशे अडतीस तुझा? खरंच आहे?”

“त्या दिवशी, त्या चाचणीत होता मॅडम,” कोमल म्हणाली. “टँकरपाशी त्याचा उपयोग झाला नाही. पहिली पाळी मी लावली ती चुकली होती. सगळ्यांना सारख्या घागरी दिल्या मी. एक आजी म्हणाल्या, माझ्या घरात दोन माणसं आणि हिच्या घरात नऊ, सारखं कसं? मला ते सुचलंच नव्हतं.”

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. पुढं अर्धा तास बोलणं झालं, ते मी ऐकलं नाही. मी फरशी पुसत होतो.

कोमल तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मीच तिच्यासमोर बसलो.

“मी दहावीला गणितात दोनदा नापास झालो, माहितेय ना तुला?”

“नाही,” ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. मंगलला सोडून कुणालाच नव्हतं.

“वडील सगळ्यांसमोर म्हणायचे, आमच्या घराण्यात डोकंच न्हाय. तुझा तो कागद आला तेव्हा मला वाटलं, आता लेखी पुरावा हाय. म्हणून मिरवत होतो. तुझ्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. चुकलं माझं.”

तिनं कपातल्या चहाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, “पप्पा, मोजून नऊच शब्द काढलेत तुम्ही. गणित तर बरोबर आलं की!”

आणि आम्ही दोघं इतकं हसलो की आक्का आतून म्हणाली, “काय झालं रं दत्तू? निकाल लागला का?”

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. कोमलला प्रवेश मिळाला.

तिला वसतिगृहावर सोडायला आम्ही गेलो, तेव्हा पालकांची सभा होती. मी मागच्या रांगेत खाली मान घालून बसलो. मुलाखतीतल्या त्याच मॅडम व्यासपीठावर होत्या. त्यांनी पुढच्या वर्षीची छापील माहितीपुस्तिका वर धरली आणि म्हणाल्या, “यंदा अर्जाच्या नियमांत एक नवीन सूचना घातली आहे. एका पालकांमुळे ती सुचली. त्यांचं नाव मी घेत नाही.” मग त्यांनी नेमकं माझ्याकडं बघितलं.

सूचना क्रमांक सात : ‘निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहावा व स्वतः पाठवावा. पालकांनी त्यास हात लावू नये.’

लोकांच्या नावानं चौक असतात, शाळा असतात. माझ्या वाट्याला विद्यापीठाचा अख्खा नियम आलाय! आता ती पुस्तिका येईल त्याला दाखवतो, आणि सूचना क्रमांक सातवर बोट ठेवून सांगतो, “हे आमचं!”