अक्काचं खत

आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. परसातला उकिरडा मात्र कोणाला वाटता येईना, म्हणून तो सामाईक ठेवला. पुढचा सगळा ताप त्या उकिरड्यातूनच निघाला.

धुळ्याहून पांझरेच्या काठाने गाडीवाट जाते, तिच्यावर आमचं गाव. घरात तीन भाऊ. थोरले मी लग्न होऊन येण्याआधीच गेले, मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ. मधले आबा, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. धाकटे ते आमचे हे. वाटणी दोन भावांत झाली आणि अक्का सहा महिने आबांकडे, सहा महिने आमच्याकडे जेवणार असं ठरलं. तिला कोणी विचारलं नाही. तांब्याच्या हंड्याला कोणी विचारतं का, तू कोणाच्या वाट्याला जाशील म्हणून?

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा चूल अक्काच्या हातात होती. रात्रीची उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करून आम्ही बायका खायचो. त्यातूनही उरली तर ती गाईच्या घमेल्यात. डाळीचं धुवण, कोंडा, चाळण तिथेच. भाजीच्या काड्या आणि देठं शेळीपुढे. शेळीनेही तोंड फिरवलं, तरच ते राखेबरोबर उकिरड्यावर जायचं. एकदा मी शिळी भाकरी कंटाळून थेट उकिरड्यावर भिरकावली. अक्काने ती उचलली, झटकली आणि माझ्या हातात ठेवली.

"टाकाना आधी देख व, कोनं पोट रिकामं शे," ती म्हणाली.

मला भारी राग आला. माहेरी मी लाडाची, असं कोणी बोललं नव्हतं. ती भाकरी मी गाईला नेऊन घातली आणि दिवसभर अक्काशी अबोला धरला.

उकिरड्यावर तिचा जीव होता, असं म्हटलं तर शहरातली माणसं हसतील. हसू देत. गोठ्यातलं शेण, मूत भिजलेली माती, चुलीची राख, पाचोळा, सगळं ती थराथराने पसरायची. फुटक्या बांगडीची काच, मोडकी सुई, खिळा दिसला की वेचून बाजूला काढायची, कारण हे खत शेतात जातं आणि पेरणीला माणसं अनवाणी चालतात. उन्हाळ्यात त्यावर पाणी शिंपडायची. दिवाळीला उकिरड्यावर दिवा लावायचा मान पूर्वी तिचा होता. नवरा गेल्यावर तो मान मधल्या जावेकडे गेला. उकिरडा भरायचं काम मात्र अक्काकडेच राहिलं.

वाटणीनंतर साधारण वर्षाने तिने नाल्याकाठचा तुकडा मागितला. नुसता मुरूम होता तिथे, कुसळांखेरीज काही उगवत नव्हतं. तिला स्वतः पिकवून खायचं होतं. ती हे तोंडाने कधी बोलली नाही, पण सहा महिने सरले की गाठोडं काखेला मारून भिंतीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जाताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. भावांनी चटकन हो म्हटलं. विधवा भावजयीला जमीन दिली म्हणजे गावात चार लोक बरं बोलतात, आणि जाऊन जाऊन जातं काय, तर दगड! कागदावर काही चढलं नाही, तोंडी बोलणं झालं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीच्या आसपास खत शेतात टाकतात. उकिरडा उकरायला लागले तर खाली खत कसं, काळंभोर, भुसभुशीत, वास म्हणून नाही. एक गाडी आबांच्या शेतात, एक आमच्या, असं चाललं होतं. अक्का पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, एक गाडी माझ्या तुकड्यावर रिकामी करा.

आमचे हे हसले. "तुमले दोन्ही येळ भाकर भेटस ना? मंग खत कसाले?"

"भाकर तुमनी शे, भाऊ," अक्का म्हणाली. "खत मनं शे."

आबा मूग गिळून बसले. गाडी हलली, आमच्याच शेताकडे गेली. मी ह्यांना घरात गाठून म्हटलं, अहो, एका गाडीने काय बुडतं? तेव्हा ह्यांनी खरं ते सांगितलं. खत टाकलं की तिथे जमीन होईल, आणि जमीन झाली की ती आपली म्हणायला लागेल. दगड द्यायला ह्यांची ना नव्हती, फक्त त्याची माती व्हायला नको होती. मी भांडले. "तू चूप ऱ्हाय," म्हणाले आणि पटका बांधून बाहेर पडले.

अक्का दुसऱ्या दिवसापासून टोपली घेऊन गावात निघाली. दारोदार उभी राहायची आणि म्हणायची, "राख शे का व माय? सालं, देठं, काय बी चाली." जमेल ते नाल्याकाठच्या मुरमावर नेऊन थराथराने पसरायची. पहिल्यांदा बायकांनी नाकं मुरडली. मोठ्या घरची सून आणि उकिरडे फुंकत हिंडते, असं पाणवठ्यावर बोलणं झालं. पण ती कोणाचं खाण्याजोगं घ्यायची नाही. टोपलीत भाकरीचा तुकडा दिसला की परत द्यायची, "हाई गायले घाल," म्हणायची. हळूहळू बायका तिच्यासाठी दाराशी फुटक्या मडक्यात राख आणि सालं जमवून ठेवू लागल्या. काचा वेगळ्या ठेवायलाही शिकल्या. आमच्या गावचे रस्ते तेवढे स्वच्छ मी पुढे कधी पाहिले नाहीत.

इकडे आमच्या घरात अब्रूचा प्रश्न! ह्यांनी एकदा तिची टोपली नाल्यात फेकली. तिने बुरुडाकडून दुसरी आणली. अशी अब्रू चुलीत गेलेली बरी, असं मी म्हटलं आणि त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं.

म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. अक्काच्या मुरमाचे त्याहून लवकर फिटले. पावसाळे गेले आणि तिथे वांगी लागली, भरताची, हिरवी, मोठाली. बांधाला मिरची. अक्का नाल्याच्या डोहातून हंड्याने पाणी वाहायची. त्या वर्षी तिने भिंतीच्या कोणत्याच अंगाला जेवायला नकार दिला, परसात तीन दगड मांडले आणि आपली भाकरी आपण थापली. पहिल्या वांग्याचं भरीत तिने मला वाटीभर आणून दिलं. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग लढाईची महागाई आली. धुळ्याच्या बाजारात भाजीला भाव चढला आणि दोन्ही भावांना एकदम नाल्याकाठच्या जमिनीची आठवण झाली. आखाजी झाली आणि दोघे नांगर घेऊन तिथे उभे राहिले. तुकडा वाडवडिलांचा आहे, असं आबा म्हणाले. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस, बोलला तो हे! भासऱ्यांसमोर बोलायची आमच्यात चाल नव्हती. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बैलाला ऐकवलं, "पाय नको उचलू रे बापा, आयत्या बिळावर नागोबा व्हशी." आबांनी ऐकलं, ह्यांनीही ऐकलं.

अक्का भांडली नाही. नांगरासमोर येऊन म्हणाली, "जमीन तुमनी शे ना? लई जा. मनं खत तितलं माले काढी द्या."

इतक्या वर्षांचं मुरलेलं तिचं खत मातीतून वेगळं कसं काढून देणार? आमचे हे खाली मातीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी ह्यांना लाज वाटेल. मग ह्यांनी बैलाची शेपटी पिळली. बैल चालला. अक्का बाजूला झाली.

त्या हिवाळ्यात अक्का आमच्याकडे जेवायला होती. नाल्याकाठची वांगी घरात आली. मी चुलीत भाजली, भरीत केलं. तिला वाढू की नको, मला कळेना. शेवटी वाढलं. तिने ते सगळं खाल्लं, ताट बोटाने पुसून घेतलं. "गोड शे," म्हणाली. मग चुलीजवळची जळकी सालं आणि देठं पदरात गोळा केली. देठं शेळीपुढे टाकली आणि उरलेली सालं घेऊन नाल्याच्या वाटेला लागली. फाटकापाशी ती थांबली. तशीच मागे फिरली आणि सालं आमच्या उकिरड्यावर टाकून हात धुवायला गेली.