गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग चालूच होतं

मी मेटल ऐकणारा माणूस आहे. कवट्या, थडगी, बोकडाचं मुंडकं... हे सगळं माझ्या टी-शर्टवर असतं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी इतकी वर्षं जेवताना तोंडी लावायला वाचत आलो. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलोय याचं मलाच हसू येतंय. म्हणजे यायला पाहिजे, पण येत नाहीये.

मूळ गाव औसा तालुक्यात, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पट्ट्यात. जुनं गाव पडलं, आता आहे ते नव्या जागी वसवलेलं. मी नांदेडला ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरी करतो. मेटलचा नाद लागला तो नांदेडलाच, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, एका सीनियरच्या पेन ड्राइव्हमुळे. त्यातला एक फिनलंडचा अल्बम अजूनही माझा सगळ्यात लाडका आहे. गाणी इतकी संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा पिऊन व्हावा. दुसरा नॉर्वेचा, पत्र्याच्या डब्यात बसून रेकॉर्ड केल्यासारखा. लोक म्हणतात यात संगीत कुठाय? मला विचाराल तर ऐन उन्हाळ्यात, लोहा ते अहमदपूर रस्त्यावर, हेल्मेटच्या आत तो अल्बम लावून बघा. मग बोलू.

आमच्याकडचा लाइव्ह सीन विचारू नका. गणपतीत डीजे, लग्नात बँजो पार्टी, गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा, आणि कोपऱ्यात आम्ही तिघं. मी बेस वाजवतो आणि ओरडतो. गोविंद गिटार वाजवतो, रेकॉर्डिंगही तोच करतो. ड्रमवर सिद्धार्थ, आमचा सिद्धू. नायगावचा. त्याच्या वडिलांनी जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवून वाजवून पोराच्या हातात लय उतरवलेली. लातूरला एकदा मंगल कार्यालयात आमचा शो झाला, सकाळी कुणाचा साखरपुडा आणि संध्याकाळी कुणाचं बारसं, मधल्या रिकाम्या वेळेत. माझा आवाज ऐकून वॉचमन धावत आत आला आणि म्हणाला, "कुणाला काय व्हायलंय? गाडी बोलवू का?" असा आमचा प्रेक्षकवर्ग.

प्रॅक्टिस लातूरला, गोविंदच्या मामांच्या डाळमिलमध्ये. तीही अमावस्येला! इथे तुम्ही सरसावून बसला असाल, तर परत टेकून बसा. लातूरकडे अमावस्येला आडत, म्हणजे धान्याची खरेदी-विक्री, बंद असते. मोंढा बंद, हमाल सुट्टीवर, मिलचा मेन स्विच खाली. एरवी त्या मिलमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अमावस्येला मात्र दिवसभर शुकशुकाट. तुरीची भरलेली पोती ड्रमच्या तिन्ही बाजूंनी रचली की आवाज असा घट्ट येतो की पुण्या-मुंबईच्या स्टुडिओवाल्यांनी बघत राहावं. आमच्यासाठी अमावस्या म्हणजे फुकटचा स्टुडिओ, बाकी काही नाही.

आता अण्णांबद्दल सांगावं लागेल. अण्णा म्हणजे माझे वडील. भूकंपात त्यांची पहिली बायको आणि मुलगी गेली. घरात दोघींचा एकच फोटो आहे. त्यातल्या बाईंना मी मोठी आई म्हणतो आणि मुलीला आक्का. सुमनआक्का. फोटोत ती सहा-सात वर्षांची आहे, म्हणजे मी आता तिच्याहून किती मोठा झालो, पण आक्काच. माझी आई नंतरची. ती दर सणाला फोटोपुढे दोन नैवेद्य ठेवते आणि त्या विषयावर एक शब्द बोलत नाही. मलाही लहानपणीच बजावलेलं, "त्यांना काई विचारू नको." मी कधी विचारलं नाही.

अण्णा अजूनही स्लॅबखाली झोपत नाहीत. त्या पट्ट्यातले बरेच जुने लोक झोपत नाहीत, त्यात नवल काही नाही. अंगणात पत्र्याचं शेड आहे, तिथे त्यांची बाज. पण त्यांची एक सवय फक्त त्यांचीच. कुठूनही घरी आले की दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर बोटाच्या पेरांनी वाजवतात. दोन ठोके लागोपाठ, मग थोडं थांबून तिसरा. टक-टक... टक. मग क्षणभर उभे राहतात आणि आत येतात. मी जन्मापासून ऐकतोय. मला वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक मोठं गाणं बसवलं. भूकंपावर नाही, मी त्यावर कधीच लिहिलं नसतं. गाणं कोरड्या पडलेल्या नदीवर होतं. शेवट जमेना. सिद्धू म्हणाला, "एकदम तोडू, पण तोडायच्या आधी कायतरी बारीक पाहिजे." माझ्या डोक्यात जे लहानपणापासून वाजत होतं तेच मी सांगितलं. सगळं थांबवायचं आणि झांजेच्या मधल्या उंचवट्यावर फक्त तीन ठोके. दोन लागोपाठ, थांबून एक. सिद्धूने वाजवलं आणि तिघांच्याही अंगावर काटा आला. तो चांगल्या गाण्याचा काटा होता.

अमावस्येला रेकॉर्डिंग केलं. भर दुपारची वेळ, पत्रे तापलेले, आम्ही घामाने निथळतोय. शेवटचा टेक उत्तम गेला. तीन ठोके पडले, झांजेचा आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग गोविंद ओरडला, "जमलं!" आणि आम्ही मिलला बाहेरून कुलूप लावून खानावळीत जेवायला गेलो. आनंदाच्या भरात हा शहाणा रेकॉर्डिंग बंद करायला विसरला. परत आल्यावर बघितलं तर ते चालूच.

दोन दिवसांनी त्याचा नांदेडला फोन आला. "तू ऐक आणि मला सांग. मी काई सांगणार न्हाई." फाईल पाठवली.

गाणं संपतं. सिद्धूचे तीन ठोके. "जमलं!" हसणं, चपला, शटर, कुलूप. मग शांतता, पत्रा तापल्यावर कुरकुरतो तेवढीच. आणि मग... टक-टक... टक.

झांज नव्हती. जाड भांड्यावर वाजवल्यासारखा, मातीत दबलेला आवाज. थोड्या वेळाने परत. मग परत.

मी सिद्धूला गाठलं आणि दोघांनी हेडफोन वाटून ऐकलं. त्याचा चेहरा उतरत गेला. मी म्हटलं, पाइप असेल, कबुतर असेल. तो म्हणाला, "मशीन असती तर एकसारखी वाजली असती. हे थकून राहिलंय. ऐक ना, तिसरा ठोका मागं पडून राहिलाय. माणसाचा हात हाय हा." मग एकदम उभा राहून म्हणाला, "आरं, मिलमध्ये कोणी अडकलं होतं काय?"

खरं सांगतो, भुताचा विचार आमच्या डोक्यातही आला नाही. आम्हाला वाटलं, एखादा हमाल डाळीच्या टाकीत पडला आणि आम्ही कुलूप लावून जेवायला गेलो. तसेच लातूरला गेलो. गोविंदच्या मामांनी मिल थांबवली, टाक्या उघडल्या, पोती हलवली, खालचे खड्डे बघितले. हमालांची हजेरी घेतली, सगळे जागेवर. काहीही निघालं नाही. मामा आमच्यावर भडकले ते वेगळंच.

त्या दिवशी मी फाईल शेवटपर्यंत ऐकली. आम्ही जेवून परत येईपर्यंतची सगळी. आवाज चालूच राहतो. मधलं अंतर वाढत जातं. मग तिसरा ठोका येतच नाही, नुसते दोन. नंतर एकच, तोही कसाबसा. मग बराच वेळ काही नाही... आणि मग पाऊस. पत्र्यावरचा नाही, मातीवर पडणारा, सरळ धारांचा. लातूरला त्या दिवशी ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. पावसात एक ठोका आहे. त्यानंतर शटर उघडतं आणि सिद्धू म्हणतो, "आरं हे चालूच हाय की."

माझ्या डोक्यात तोवर काहीच जुळलं नव्हतं, हे तुम्हाला पटणार नाही. पण ते तीन ठोके आले कुठून ते मला माहीत होतं. म्हणून मी गावी गेलो. वाटलं, अण्णांना विचारू, हे तुम्ही कुठून शिकलात.

अण्णा शेडमध्ये बसून विळ्याला मूठ बसवत होते. माझ्या हातात छोटा स्पीकर बघून म्हणाले, "ते रेड्यावानी वरडायचं लावू नको बाबा." मी म्हटलं, गाणं नाही, एक आवाज ऐका फक्त. शटर बंद होतं तिथून लावलं.

पहिल्या तीन ठोक्यांना त्यांचा हात थांबला. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ते उठले, स्पीकरपाशी येऊन जमिनीवर गुडघे टेकले आणि विळ्याच्या मुठीने शहाबादी फरशीवर वाजवलं. टक-टक... टक. मग कान फरशीला लावला. आणि स्पीकरमधून उत्तर आलं. रेकॉर्डिंगच होतं, मला माहीत आहे, ते त्या जागी येणारच होतं. अण्णा फरशी नखांनी उकरायला लागले. "आलो, सुमे, आलो... हलू नको, माती पडंल..."

मी झटकन बंद केलं. आई दारात येऊन उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता.

मग अण्णा बोलले. माझ्याकडे न बघता. शेतातून आले की ते चौकटीवर तसं वाजवायचे आणि आक्का आतून पळीने घागरीवर तसंच वाजवून उत्तर द्यायची. बापलेकीचा खेळ. भूकंपाच्या पहाटे घराचं मातीचं माळवद खाली आलं, अण्णांचा पाय भिंतीखाली मोडला. सरपटत जाऊन त्यांनी दगडाने दगडावर वाजवलं. खालून घागर वाजली.

"मी वरडून सांगितलो, हितं हाय, जित्ती हाय. माझा भाऊ म्हनला, भास व्हायलाय तुला. समदे तेच म्हनले. पाय बघून मला टेंपोत टाकले. मी वाजलेलं ऐकायलो आन् टेंपो निघाला." त्यांनी नाक पुसलं. "वर्षानुवर्षं समदे म्हनायलेत, ती पयल्या झटक्यातच गेली, तरास झाला न्हाई. मीबी तसंच धरून चाललो. म्हंजी... मी ऐकलो होतो ना, बाळू? खरंच ऐकलो होतो?"

मी म्हटलं, "हाव अण्णा. मीबी ऐकलो."

ते रडले नाहीत. नुसती मान हलवत राहिले. आयुष्यभर खोटं ठरवलेल्या माणसाला कुणीतरी खरं म्हटलं होतं, आणि जे खरं निघालं ते असं. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मी गेल्यावर किती येळ वाजवली रे ती?"

स्पीकर माझ्या हातात होता. फाईल अजून कितीतरी उरली होती. त्यांनी फक्त सुरुवात ऐकली होती.

"लगेच थांबलं, अण्णा. तुम्ही ऐकलं तेवढंच."

"लगेच?"

"हाव. लगेच."

"पाऊस लागायच्या आधी?"

भूकंपाच्या दिवशी नंतर पाऊस लागला होता, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, कसला पाऊस? यात पाऊसबिऊस काही नाही.

"मग बरं," अण्णा म्हणाले. विळा उचलला आणि मूठ ठोकायला लागले. ती बसलेलीच होती, तरी ठोकत राहिले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. गोविंदने मायक्रोफोन बदलून, तसंच कुलूप लावून पुढच्या अमावस्येला रेकॉर्डिंग करून बघितलं. काही आलं नाही. सिद्धूचं म्हणणं, आम्ही हाक दिली म्हणून उत्तर आलं, आणि आता तो ते तीन ठोके वाजवत नाही. गाणं शोमध्ये तसंच मध्येच तुटतं. लोकांना वाटतं आमचं चुकलं. गोविंदने त्याच्याकडची फाईल पुसली. माझ्याकडची आहे. पुसायला अनेकदा बसलो, पण त्यावर बोट जात नाही. जिचं कुणी ऐकलं नाही तिचं तेवढंच उरलंय.

अण्णा आता घरी आले की चौकटीशी थांबतात, हात वर जातो, आणि तसाच खाली येतो. न वाजवता आत येतात. म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवलाय त्यांनी. ते मोबाईलवर काही वाचत नाहीत, म्हणून इथे तरी खरं लिहिलं. परवा जेवताना त्यांनी परत विचारलं, "लगेच ना रे?"

मी भाकरी मोडत म्हटलं, "लगेच, अण्णा."