चौथ्या घरातलं पोतं

फेब्रुवारीतला गुरुवार, सकाळी नऊ. आमचं शेत, अमडापूरजवळ. हजर: मी, माझी मोठी जाऊ, बचत गटातली एक मैत्रीण आणि कोळसा करायचं शिकवायला आलेले सर. गैरहजर: गटातली चौथी. तिला दुसऱ्या दिवशी शेगावला जायचं होतं, ती घरी तयारीत होती. तिच्या वाट्याचं कोळशाचं पोतं घरी पोचवायचं होतं.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आम्ही दरवर्षी बांधावर जाळायचो. सरांनी त्या ड्रममध्ये पेटवल्या, झाकण घातलं, फटी मातीनं लिंपल्या.

“हे जाळणं नाही, कार्बनीकरण. हवा तोडून तापवायचं. बाकीचं धुरात जातं, कार्बन उरतो. तो शेतात घालायचा. पण उद्या उघडा. गरम असताना हवा लागली तर पुन्हा पेटेल.”

सर गेले. चार वाजता ट्रॉली गावाकडे निघत होती. मी झाकण काढून वरच्या कोळशाला हात लावला. गार.

“भरा,” मी म्हणाले.

जाऊ म्हणाली, “सर त उद्या म्हनत होते.”

“ट्रॉली काय उद्या येनार हाय?”

चार पोती, चार घरं.

सकाळी जाऊची हाक आली, “लवकर ये वो! पोतं धुपून राह्यलं!” तिच्या अंगणातलं पोतं खालून जळालं होतं. पाणी ओतलं. माझं कोमट निघालं, मैत्रिणीचं गार. चौथ्या घराला कुलूप. फोन लागेना.

शेजारीण म्हणाली, “पोतं कापसाच्या खोलीत ठेवलं तिनं. अंगनात बकऱ्या सांडवतात म्हने.”

दर वाढेल म्हणून ठेवलेला तिचा वर्षाचा कापूस त्या खोलीत छतापर्यंत होता. मी दाराच्या फटीला नाक लावलं. करपट वास येत होता. 

जाऊनं पहार आणली.

“कुलूप तोडून राह्यलो आपन, चोर म्हनतीन लोकं,” मैत्रीण म्हणाली.

“म्हनू दे,” मी म्हणाले आणि कुलूप तोडलं. “तू दुसरं टोक धर पोत्याचं.”

पोतं कापसाला टेकलेलं होतं. ओढत अंगणात आणलं तेव्हा तळ फाटला आणि आतला निखारा लाल झाला. पाणी ओतून झाल्यावर आम्ही दोन तास कापूस हातानं चाचपला. वीतभर जागा पिवळी पडली होती. तेवढा कापूस काढून भिजवला. तरी दुपारपर्यंत मी त्या दारातून हलले नाही.

संध्याकाळी ती आली. मी नवं कुलूप तिच्या हातात दिलं आणि पोतं गरम राहिल्याचं सांगितलं. तिनं माझे हात धरले.

“ताई, तुमी होत्या म्हनून वाचलं माहं घर.”

जाऊनं माझ्याकडे पाहिलं.

हे ती आजही चारचौघींत सांगते. ‘भरा’ कोण म्हणालं होतं, ते तिला सांगायचं राहिलं आहे.