मामा, बैल आणि बँड

माझ्या धाकट्या मामांइतका परदेश नीट पाहिलेला माणूस आमच्या न्हावरे गावात दुसरा झाला नाही, आणि त्यांनी तिथे एका गावापलीकडे काहीही पाहिलं नव्हतं. त्यांची मुलगी इटलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठच्या एका लहानशा गावात नोकरीला आहे. मामा तिच्याकडे तीन महिने राहिले. ती कामाला गेली की हे टोपी घालून, खिशात शेंगदाणे आणि गूळ भरून बाहेर पडत. बसमध्ये पाऊल म्हणून ठेवलं नाही. "गाडीतून दिसतं त्ये गाव न्हवं, गावाचा फोटू," असं त्यांचं मत. ऊस कसा आलाय हे बांधावरून कळत नाही, सरीत शिरावं लागतं. तसे ते तिथल्या बोळांत शिरत. भेटेल त्याला "राम राम" घालत. पंधरा दिवसांत तिथला मासेवाला लांबूनच "रामारामा" अशी त्यांना हाक मारू लागला.

चित्रांचं वेड त्यांना लागलं ते तिथेच. बंदरामागच्या चर्चमध्ये येशूच्या जन्माचं एक जुनं चित्र आहे. मामा पायरीवर चपला काढून आत जात आणि रोज तासभर त्याच्यापुढे उभे राहत. मी फोनवर विचारलं, "मामा, एवढं काय बघता?"

"आरं, गोठ्यात बाळंतीण ठेवलीया, आन् मागं बैल मोकळा! दावं न्हाई, वेसण न्हाई. ल्हानग्यावर पाय पडला म्हंजी?"

दुसऱ्या आठवड्यात मत बदललं. "चितारी जाणता हाय. बैलाचं डोळं बघ. त्यो बाळाला ऊब देतोय. त्याला बांधायचं कशाला?" कलेवरची पुष्कळ पुस्तकं मी वाचली आहेत. इतकं पाहणं मला कधी जमलं नाही.

आणि मग एक चूक झाली. एका सकाळी वळणावरून पितळी वाद्यांचा बँड आला, मागे काळ्या कपड्यांतली माणसं. आमच्याकडे बँड म्हणजे वरात. मामांनी टॉवेल फिरवत बँडपुढे दोन पावलं नाचूनही घेतलं, आणि नवरदेव बघावा म्हणून मागच्या मोटारीत डोकावले, तर आत शवपेटी. दुसरा कोणी असता तर पळाला असता. मामांनी टोपी काढली, चपला हातात घेतल्या आणि दफनभूमीपर्यंत चालत जाऊन मूठभर माती दिली. गेलेल्याच्या बायकोने, ओल्या डोळ्यांनी हसत, त्यांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही म्हणे.

परत आल्यावर मामा मला म्हणाले, "मला नेताना बँड लाव. माझं पोरगं न्हाई म्हनंल. तू शिकलेला हायस, तू बोल." मी हो म्हणून बसलो.

चारचौघांत तोंड उघडणं मला जन्मात जमलेलं नाही. गेल्या महिन्यात मामा गेले. अंगणात मी बँडचं नाव काढताच त्यांचा मुलगा उसळला, "दादा, मयत हाय का वरात? गाव त्वांडात शेण घालंल!"

"घालू दे," मी म्हणालो. "मामांना शब्द दिलाय."

तो खाली बसला, आणि थोड्या वेळाने त्यानेच दौंडच्या बँडवाल्यांना फोन लावला.

बँडमधले क्लॅरिनेटवाले चांगले म्हातारे होते. मी हळूच विचारलं, "अशा वेळचं काही येतं का तुम्हाला?"

"लग्नाचंच येतं, सायेब. पर सावकाश वाजवलं की त्येबी रडतंय."

मामांच्या मुलीला इटलीहून वेळेवर विमान मिळालं नव्हतं. ती माझ्या फोनवर होती. ओढ्याकाठच्या स्मशानाच्या रस्त्याला लागल्यावर बँड सुरू झाला, तशी ती म्हणाली, "दादा, फोन वर धर. माझ्या आण्णांचा चेहरा दाखवू नको. नुसतं ऐकू दे."

मी फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. सगळं गाव बघत होतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.